मॅगझिन काढलं, तरी एक गोळी आत असते

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या फाटकाशी सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की कमरेला पिस्तूल लावलेली माणसं सहज नजरेस पडतात. हा भागच तसा आहे. एका टोकाला मंडी हाऊसचा चौक, दुसऱ्या अंगाला इंडिया गेट, मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, जवळच पतियाळा हाऊसची न्यायालयं. कुणी मंत्री, कुणी न्यायाधीश, कुणी धमकी आलेला साक्षीदार, आणि प्रत्येकाच्या मागे एक-दोन पावलांवर अंगरक्षक. तो राज्याच्या पोलिसांतला असेल, किंवा दिल्ली पोलिसांतला असेल.

समजा, यातले दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. एकाच्या कमरेला आपल्याच सरकारी कारखान्यात, ईशापूरला बनलेलं ९ मिमी पिस्तूल आहे. दुसऱ्याच्या कमरेला ऑस्ट्रियाचं ग्लॉक १७. दोन्ही पिस्तुलं भरलेली, तयार. दोघांनीही खटका दाबून मॅगझिन बाहेर काढलं, नळी वाळूच्या पेटीकडे धरली आणि चाप ओढला. पहिलं पिस्तूल गप्प राहील. दुसऱ्यातून गोळी सुटेल.

मॅगझिन दोघांच्याही हातात आहे. मग दुसऱ्याची गोळी आली कुठून? आणि पहिल्याची आतच असेल, तर ती सुटली का नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर न कळल्यामुळे माणसं मरतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पिस्तुलातला एक इवलासा भाग, ज्याला जगभर ‘मॅगझिन डिस्कनेक्ट’ म्हणतात. हा भाग ठेवावा की काढून टाकावा, यावर पिस्तूल वापरणाऱ्यांत अनेक दशकं वाद चालू आहे. तो समजून घ्यायचा, तर आधी पिस्तुलाच्या पोटात शिरायला हवं.

रांग आणि खिडकी

एसटी स्टँडवरची आरक्षणाची खिडकी आठवा. रांगेत दहा-बारा माणसं उभी आहेत आणि मागचे लोक पुढच्यांना रेटताहेत. खिडकीशी मात्र एका वेळी एकच माणूस मावतो. त्याचं काम झालं की तो बाजूला होतो आणि रांगेतला पुढचा त्याची जागा घेतो. आता शिपायानं येऊन सगळी रांग हटवली. स्टँड मोकळं दिसतं. पण खिडकीत हात घालून उभा असलेला माणूस तिथेच आहे. तो केव्हाच रांगेतून पुढे सरकला होता, म्हणून रांग हटवताना त्याला कुणी हात लावला नाही.

मॅगझिन म्हणजे ही रांग. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची ती पत्र्याची चपटी डबी. तिच्यात काडतुसं एकावर एक बसवलेली असतात आणि तळाची स्प्रिंग त्यांना सतत वर रेटत असते. खिडकी म्हणजे चेंबर, नळीच्या मागच्या टोकाची पोकळी. तिथे एकच काडतूस मावतं आणि गोळी सुटते ती फक्त तिथूनच.

रांगेतून खिडकीशी काडतूस नेतो तो पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, स्लाइड. ती हातानं मागे ओढून सोडली, की स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावते आणि जाता जाता मॅगझिनमधलं सगळ्यांत वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मग बोटानं चाप ओढायचा. मागे दिसणारा घोडा, म्हणजे छोटा हातोडा, पुढे आदळतो, पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर बसते, दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. (बोलण्यात आपण चापालाही घोडाच म्हणतो. या लेखापुरते दोघे वेगळे ठेवू.) गोळी पुढे जाताना जो धक्का मागे बसतो, तो स्लाइडला मागे लोटतो. रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते आणि स्लाइड परत येताना नवं काडतूस चेंबरमध्ये बसवते. हे सगळं पापणी लवण्याआधी उरकतं. म्हणूनच पिस्तुलातून एक गोळी सुटली, की दुसरी आपोआप खिडकीशी येऊन उभी असते.

पहिल्यांदा स्लाइड मागे ओढायला मात्र जोर लागतो, सवय लागते. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातल्या आरोपीचा पोलिसांच्या गाडीत गोळीबारात मृत्यू झाल्यावर, २५ सप्टेंबर २०२४ च्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानं जे प्रश्न विचारले, त्यात हाही होता: सवय नसलेल्या सामान्य माणसाला पिस्तुलाची स्लाइड ओढता येईल का? त्या प्रकरणाच्या खोलात इथे जायचं नाही. पण पिस्तूल कसं चालतं ही गोष्ट फक्त पोलिसांनी जाणायची नसते, ती कधी न्यायाच्या प्रश्नाचा कणा होते, हे त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं.

रिव्हॉल्व्हरचं सगळं वेगळं. त्याला स्लाइड नाही, मॅगझिन नाही. गोल फिरणाऱ्या चक्रात पाच-सहा चेंबर असतात आणि चक्र बाहेर काढलं की सगळी काडतुसं डोळ्यांना दिसतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायाला मुंबईत गोळी लागली, ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, ते हातातून खाली पडल्यावर. त्या अपघाताचा आणि आपल्या विषयाचा संबंध नाही. पण वर्तमानपत्रांत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, म्हणून हा खुलासा.

सहा काड्या

चेंबरमधली गोळी कशी मागे राहते, हे मला समजलं एका निवृत्त सुभेदारांमुळे. साताऱ्याकडचे, मुलाकडे दिल्लीला आलेले. मंडी हाऊसजवळच्या टपरीवर चहा घेताना मी त्यांना विचारलं, मॅगझिन काढायचं आणि स्लाइड ओढायची, दोन्ही केलं तर पिस्तूल रिकामं व्हायलाच हवं ना? पुढे-मागे केलं तर काय बिघडतं?

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आतला ट्रे बाहेर ओढून त्यात पाच काड्या ठेवल्या आणि सहावी डाव्या मुठीत धरली. “ही मूठ म्हणजे चेंबर. आता तुम्ही म्हणता तसं करू. आधी स्लाइड.” त्यांनी मुठीतली काडी टेबलावर टाकली आणि त्याच झटक्यात ट्रेमधली एक काडी मुठीत घेतली. “आता मॅगझिन.” ट्रे खिशात गेला. टेबलावर एक काडी पडलेली होती आणि ट्रे नजरेआड झालेला. मला सगळं आवरल्यासारखं वाटलं.

“सांगा ताई, रिकामं झालं?”

त्यांनी मूठ उघडली. आत काडी होती.

मग त्यांनी पुन्हा सगळं मांडलं. या वेळी आधी ट्रे खिशात, मग मूठ उघडून काडी टेबलावर. पुढची काडी घ्यायला ट्रेच नव्हता, त्यामुळे मूठ रिकामीच राहिली. सहा काड्या, दोन हालचाली, फक्त आधीचं नंतर केलं. पहिल्या क्रमात माणूस सगळं ‘करून’ बसलेला असतो. त्यानं गोळी बाहेर पडताना डोळ्यांनी पाहिलेली असते, मॅगझिन हातात धरलेलं असतं, म्हणून त्याची खात्री पक्की होते. निष्काळजी माणसापेक्षा हा खात्री पटलेला माणूस मला जास्त भयंकर वाटतो, कारण तो पुन्हा बघणार नाही.

भांडं बसल्याशिवाय न फिरणारा मिक्सर

या चुकीवर यंत्राच्या अंगानं काय उपाय करता येईल? हल्लीच्या काही मिक्सरना भांडं नीट अडकल्याशिवाय बटण दाबलं तरी मोटर फिरत नाही. मायक्रोवेव्हचं दार उघडं असेल तर तो सुरू होत नाही. माणूस विसरेल हे गृहीत धरून बनवणाऱ्यानं एक कडी घातलेली असते. मॅगझिन डिस्कनेक्ट हीच कडी आहे. मॅगझिन जागेवर असेल तरच चाप आणि घोडा यांची गाठ पडते. मॅगझिन काढलं की गाठ सुटते. चेंबरमधलं काडतूस तिथेच असतं, पण चापाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

ईशापूरच्या पिस्तुलात हे कसं घडतं ते पाहू, कारण रचना सुंदर आहे. चापाच्या मागे एक छोटी उभी पट्टी असते. चाप ओढला की ती वर उचलली जाते आणि स्लाइडमधल्या दुसऱ्या पट्टीला खालून ढोसते. ती पट्टी घोड्याला अडवून धरणारा खटका दाबते आणि घोडा सुटतो. आता चापातच बसवलेला एक लहानसा दट्ट्या आहे, मागून स्प्रिंग लावलेला. मॅगझिन आत असलं की त्याचा गुळगुळीत पुढचा पत्रा या दट्ट्याला दाबून ठेवतो आणि उभी पट्टी बरोबर दुसऱ्या पट्टीखाली येते. मॅगझिन काढलं की दट्ट्या मोकळा होतो आणि उभ्या पट्टीला किंचित पुढे खेचतो. चाप ओढला तरी पट्टी वर जाते ती मोकळ्या जागेत. किल्ली फिरते, पण कुलपाच्या जिभेला लागत नाही, तसं.

या पिस्तुलाचं मूळ बेल्जियममधलं. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग तिथल्या हेर्स्टाल गावच्या एफएन कंपनीसाठी काम करत असे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या लष्कराला जास्त गोळ्या मावणारं नवं पिस्तूल हवं होतं आणि त्यांच्या अटींत एक होती: मॅगझिन काढल्यावर गोळी सुटता कामा नये. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. पुढचं काम द्यूदोने सेव्ह या बेल्जियन कारागिरानं पुरं केलं आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचं ‘हाय पॉवर’ बाजारात आलं. फ्रान्सनं शेवटी ते घेतलंच नाही, दुसरं पिस्तूल पसंत केलं. अट मात्र पिस्तुलात राहून गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियमचा कारखाना ताब्यात घेऊन हेच पिस्तूल आपल्यासाठी बनवलं, तर समोरच्या बाजूसाठी कॅनडात टोरोंटोच्या इंग्लिस कंपनीनं. आपलं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हा त्या कॅनडाच्या पिस्तुलाचा वंशज. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्यातून ते सैन्याकडे आणि देशभरच्या पोलिसांकडे गेलं. फ्रेंच लष्कराला शंभर वर्षांपूर्वी वाटलेली काळजी आज आपल्या पोलिसांच्या कमरेला आहे, ती अशी.

ब्राउनिंगनं स्वतः हा भाग सगळीकडे घातला नव्हता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९११ सालचं त्याचं अमेरिकन सैन्याचं प्रसिद्ध पिस्तूल घ्या. त्यात मूठ घट्ट धरल्याशिवाय गोळी सुटत नाही अशी सोय आहे, डिस्कनेक्ट नाही. पण त्याच सुमाराचं, खिशात ठेवायचं एफएनचं १९१० मॉडेल नागरिकांसाठी होतं आणि ते ‘तिहेरी सुरक्षा’ म्हणून विकलं गेलं. त्यातली एक सुरक्षा मॅगझिनची. कडी कुठे घालायची हे त्यानं हत्यार कुणाच्या हातात जाणार यावरून ठरवलं असावं, असं मला वाटतं.

मग काढून टाकावंसं का वाटतं?

तक्रारी खऱ्या आहेत. त्या झटकून टाकण्यासारख्या नाहीत.

पहिली तक्रार बोटाची. दट्ट्या मॅगझिनच्या पत्र्याला टेकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी चाप ओढताना तो त्या पत्र्यावरून घासत जातो. हाताला ते कळतं. चाप लोण्यासारखा न येता खरखरत, अडखळत येतो. दूरवरचा नेम साधताना गोळी नेमकी केव्हा सुटणार याचा अंदाज बोटाला यावा लागतो, आणि ही खरखर तो अंदाज बिघडवते. दुसरी तक्रार, दट्ट्याच्या दाबामुळे मॅगझिन खटका दाबल्यावर आपसूक खाली पडत नाही, अडकून राहतं. एफएननं पुढे मॅगझिनच्या बुडाशी उंदराच्या सापळ्यासारखी स्प्रिंग बसवून ते बाहेर फेकण्याची सोय केली. एका उपायानं उभ्या केलेल्या अडचणीला दुसरा उपाय.

तिसरी तक्रार लढणाऱ्याची. मॅगझिन बदलण्याच्या दोन सेकंदांत समोरून हल्ला झाला, तर चेंबरमधली एक गोळी असूनही चालत नाही. याच्या विरुद्ध बाजूची साक्ष अमेरिकेतल्या पोलिसांकडून येते. इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ घेतलं, त्यात डिस्कनेक्ट होता. झटापटीत पिस्तूल गुन्हेगाराच्या हातात जातंय असं दिसताच पोलिसानं मॅगझिनचा खटका दाबून ते मुकं करून टाकायचं, अशी शिकवण तिथे रुजली, आणि त्यामुळे जीव वाचल्याचं तिथले प्रशिक्षक सांगत आले आहेत. म्हणजे तीच दोन सेकंद, तीच एक गोळी. ती हवी की नको, हे पिस्तूल त्या क्षणी कुणाच्या हातात आहे यावर ठरतं.

चौथी तक्रार मला सगळ्यांत वजनदार वाटते, आणि गंमत अशी की ती सुरक्षेचीच आहे. पिस्तूल रिकामं केल्यावर घोडा चढलेला राहतो. तो उतरवायला चाप ओढायचा, तर डिस्कनेक्ट आडवा येतो. म्हणून रिकामं मॅगझिन पुन्हा आत घालायचं, चाप ओढायचा, मॅगझिन परत काढायचं. रिकामं करण्याच्या कवायतीतच भरण्याची एक हालचाल शिरली. थकलेल्या माणसाच्या हातून अशा वेळी रिकाम्याऐवजी भरलेलं मॅगझिन आत जाऊ शकतं. तेवढ्यानं गोळी सुटत नाही, चेंबर रिकामंच असतं. पण मग सवयीनं स्लाइड ओढली, तर सुटण्याची तयारी पूर्ण झाली.

बनवणाऱ्यांनीही या तक्रारी ऐकल्या आहेत. एफएननं २०२२ मध्ये हाय पॉवर नव्यानं आणलं, ते डिस्कनेक्ट वगळून. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कंपनीनं २०२१ मध्ये त्याच जुन्या रचनेवर काढलेल्या पिस्तुलातही तो नाही. ग्लॉकमध्ये तो कधीच नव्हता.

आकडा लहान, पण आकडाच

हा भाग असल्यानं किती जीव वाचतात? २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेरीलँड राज्य आणि मिलवॉकी काउंटी इथल्या, अपघातानं किंवा अनिश्चित कारणानं बंदुकीच्या गोळीनं झालेल्या ११७ मृत्यूंची त्यात छाननी केली होती. मालकाच्याच हातात चालणारं हत्यार असतं तर त्यातले ३७ टक्के मृत्यू टळले असते. चेंबरमध्ये गोळी आहे हे बाहेरून दाखवणारी खूण असती तर २० टक्के. आणि मॅगझिन डिस्कनेक्ट असता तर ४ टक्के. ११७ पैकी पाच माणसं.

हा आकडा मी बराच वेळ डोक्यात घोळवला. काढून टाकणारे म्हणतील, एवढ्यासाठी एवढी खरखर? पण यात मला दुसरंच दिसतं. गोळी आत आहे हे डोळ्यांना दाखवणारी साधी खूण, गोळी अडवणाऱ्या या कडीच्या पाचपट कामाची ठरते. कॅलिफोर्नियानं दोन्ही मागितलं: तिथे २००७ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या जातीच्या पिस्तुलांत (किरकोळ .२२ सारखी सोडून) खूणही हवी आणि डिस्कनेक्टही.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला ९ मिमी पिस्तूल मिळतच नाही. तो निषिद्ध बोअर, म्हणजे नागरिकांना बंदी असलेला नळीचा व्यास. नागरिकांच्या वाट्याला .३२ आणि .२२ येतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्ती करायची किंवा त्यात बदल करायचा, तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. घरी टेबलावर पेचकस घेऊन बसण्याची ही गोष्ट नाही. ज्या रस्त्यावरून हा लेख सुरू झाला, त्याचं इंग्रजी अमलातलं नाव लिटन रोड. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ मध्ये इंग्रजांनी हत्यारांचा देशव्यापी कायदा केला, हिंदी माणसाच्या हाती परवान्याशिवाय शस्त्र राहू नये म्हणून. आजचा कायदा त्याच्या जागी आला. त्याचा हेतू वेगळा आहे, पण परवान्याची चौकट तीच.

कोतातलं हत्यार

माझं मत इथून पुढे.

पोलिसांचं, सैन्याचं पिस्तूल एकाचं नसतं. ते कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, नोंदवहीत सही करून मिळतं आणि पाळी संपली की परत जातं. दुसऱ्या दिवशी तेच पिस्तूल दुसऱ्याच्या कमरेला. पहिल्यानं चाप हलका व्हावा म्हणून आतला दट्ट्या गुपचूप काढून घेतला, तर बाहेरून काहीच फरक दिसत नाही. रंग तोच, वजन तेच, नंबर तोच. दुसरा माणूस मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनं मॅगझिन काढून चाप ओढतो, कारण त्याच्या ओळखीचं पिस्तूल अशा वेळी गप्प राहतं.

मोटारसायकलचा साइड स्टँडचा सेन्सर मेकॅनिककडून बायपास करून घेणारे आपल्या ओळखीत असतात. ती गाडी धाकट्या भावाला दिली आणि तो स्टँड न काढता निघाला, तर पडेल तो भाऊ. सीटबेल्टच्या खाचेत क्लिप अडकवून गजर बंद करणारेही असतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली आणि ते गेले. मागच्या सीटवर बेल्ट लावलेले नव्हते. त्यानंतर या क्लिपांवर देशात चर्चा झाली आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना त्या विकणं थांबवायला सांगितलं. गजर त्रासदायक होताच. पण तो बंद करणारा आणि त्याची किंमत भरणारा नेहमी एकच नसतो.

म्हणून माझं म्हणणं: जे पिस्तूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार आहे, त्यातला डिस्कनेक्ट एकट्यादुकट्यानं काढू नये. काढायचाच असेल, तर संपूर्ण दलानं ठरवावं, सगळ्या पिस्तुलांतून काढावा, कवायत बदलावी, प्रत्येकाला नव्यानं शिकवावं. घरात ठेवायच्या पिस्तुलातही तो असेल तर राहू द्यावा, कारण घरात हातांची मोजदाद कुणीच ठेवत नाही.

पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. डिस्कनेक्टची सवय लागलेल्या हाताला उद्या ग्लॉक मिळाला तर? ग्लॉक साफसफाईसाठी उघडायचा असेल, तर उघडण्याआधी चाप ओढावाच लागतो. रचनाच तशी आहे. चेंबर तपासायचं राहिलं, तर गोळी सुटणारच. लेखाच्या सुरुवातीचे ते दोन अंगरक्षक त्याच कवायतीत वाढलेले असतील आणि बदलीनंतर एकमेकांची हत्यारं त्यांच्या हाती आली असतील, तर जुन्या पिस्तुलानं वीस वर्षं केलेली मेहेरबानी नवं पिस्तूल एका क्षणात काढून घेईल. कडी वाचवते आणि आळशीही करते. दोन्ही खरं आहे.

८ डिसेंबर २०२३ ला अलिगढमधल्या एका पोलीस ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी आल्या होत्या. एका पोलिसानं दुसऱ्याच्या हातात पिस्तूल दिलं. त्यानं ते हातात फिरवून पाहिलं आणि गोळी सुटून त्या बाईंच्या डोक्याला लागली. काही दिवसांनी त्या गेल्या. ठाण्यातल्या कॅमेऱ्यात ते काही सेकंद टिपले गेले. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या पिस्तुलाचं चेंबर उघडून कुणी पाहिलं नाही.

चौकट: पिस्तूल हातात देताना आणि घेताना

बोट चापापासून दूर, नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे ओढून काडतूस बाहेर पडू द्यायचं आणि स्लाइड मागेच अडकवून ठेवायची. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळीनं चाचपायचं. देणाऱ्यानं दाखवायचं, घेणाऱ्यानं स्वतः पुन्हा बघायचं. क्रम उलटा झाला असं वाटलं, तर पहिल्यापासून सगळं पुन्हा. पिस्तुलात डिस्कनेक्ट आहे की नाही, यानं यातलं काहीही बदलत नाही.

केशरी निशाणी

नेमबाजांचा प्रश्न उरतो. चापाच्या खरखरीची तक्रार मुळात त्यांचीच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात चाप किमान एक किलो वजन पेलणारा असावा लागतो, आणि स्पर्धेआधी पंच चापाला वजन अडकवून तो तपासतात. त्याहून हलका चालत नाही. या खेळाची पिस्तुलं त्याच कामासाठी घडवलेली असतात. पोलिसी पिस्तुलातला भाग काढून ती तयार होत नाहीत. ज्याला गुळगुळीत चाप हवा त्यानं तसं बनलेलं पिस्तूल घ्यावं, हे उत्तर खेळानं केव्हाच दिलं आहे.

दिल्लीत तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंजवर गेलात, तर फैरी थांबल्यावर मागून नुसतं बघत राहा. प्रत्येक नेमबाज मॅगझिन काढतो, चेंबर उघडतो आणि त्यात भडक केशरी रंगाची प्लास्टिकची निशाणी घालतो. तिचं टोक बाहेर लोंबत राहतं, पाच-दहा पावलांवरूनही दिसेल असं. निशाणी लावलेली दिसेपर्यंत कुणी लक्ष्याकडे पुढे जात नाही. तिच्यात स्प्रिंग नाही, दट्ट्या नाही. चेंबरमध्ये काडतूस असेल, तर ती आत जातच नाही.